नाकोबाचा पहिला घास

"या शहरात लेबनीज चांगलं कुठे मिळतं हो?" असं लोक मला अजून विचारतात. माझ्या कपाळावर पाटीच लावलीय बहुतेक. पण त्यांचंही चुकत नाही, उभं आयुष्य मी एका लेबनीज खानावळीच्या गल्ल्यावर बसून काढलं. मग मी सांगते. मोठ्या हॉटेलात जाऊ नका. तिथे पांढऱ्याशुभ्र ताटल्या, मंद दिवे, आणि छोले वाटून केलेला हमस फ्रिजमधून काढलेला, थंडगार. हॉस्पिटलच्या फाटकासमोर शवर्म्याची गाडी आहे, तिथे गर्दी असेल तरच थांबा. गर्दी नसली तर ते मांस कालपासून गोल फिरतंय असं समजा. आणि बस डेपोच्या मागच्या गल्लीत हिरव्या दाराची एक चिमुकली जागा आहे. तिथलं फलाफल, म्हणजे छोल्यांचे वडे, कढईतून थेट तुमच्या ताटलीत येतं. तोंड पोळेल, पण थांबू नका. वांगं विस्तवावर भाजून केलेलं त्यांचं बाबा गनूशही खा, आणि पिटा पाव गरम मागून घ्या, नाहीतर ते सकाळचा देतात.

यावर एखादा जाणकार हटकून विचारतो, "आणि कच्चा किब्बे?" ते मात्र मला विचारू नका, असं म्हणून मी विषय बदलते. लोकांना वाटतं, म्हातारी फटकळ आहे. आहेच मी फटकळ. पण कारण तेवढंच नाही.

कच्चा किब्बे म्हणजे कोकराचं बिनचरबीचं मांस, त्याच दिवशी सकाळी कापलेलं. दगडी खलात ते कुटून कुटून लोण्यासारखं मऊ करायचं. त्यात भिजवलेला बारीक दलिया, कांदा, मीठ, चिमूटभर दालचिनी. ताटलीत पसरून चमच्याच्या पाठीने वर रेघा ओढायच्या, ऑलिव्हचं तेल सोडायचं, बाजूला पुदिना ठेवायचा. झालं. विस्तव त्याला लागतच नाही, म्हणून त्यात काही लपवता येत नाही. शिळं मांस झणझणीत रश्श्यात खपून जातं. इथे सगळी भिस्त करणाऱ्याच्या नाकावर.

आमची खानावळ आजीची, म्हणजे सगळी गल्ली जिला आजी म्हणायची तिची. ती लेबनॉनहून नवी नवरी म्हणून इथे आली, नवऱ्याबरोबर खानावळ काढली, नवरा गेल्यावर एकटीने चालवली. मूलबाळ नव्हतं. आमच्यासारखंच बोलायची, पण संतापली की तिची स्वतःची भाषा सुरू व्हायची. आम्हाला शब्द एक कळायचा नाही, अर्थ मात्र बरोबर कळायचा. तिच्या माहेरचा एक नियम तिने खानावळीत आणला होता. कच्चा किब्बे ज्याने केला, त्यानेच ताटली टेबलावर न्यायची, गिऱ्हाइकासमोर उभं राहून पहिला घास स्वतः खायचा, मगच ताटली खाली ठेवायची. बघा, माझ्या घशाखाली उतरलं, आता तुम्ही खा, असा त्याचा अर्थ. लोक मुद्दाम ते बघायला यायचे.

तो पहिला घास खाणारे म्हणजे आमचे भाऊजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते आजीकडे आले तेव्हा भांडी घासायला होते. एकदा खरकट्या भांड्यांचं घमेलं घेऊन मागच्या दाराने चालले होते, तेवढ्यात कसाई मांस घेऊन आला. भाऊजी तिथेच थबकले आणि म्हणाले, "हे कालचं आहे." कसाई अंगावर धावून आला. तू कोण रे भांडीवाला मला शिकवणारा, वगैरे. आजीने मांसाचा कण तोडून जिभेवर ठेवला, दोन क्षण डोळे मिटले, आणि कसायाला त्याच्या टोपलीसकट रस्त्यावर घालवलं. मग तिने भाऊजींच्या हातातलं घमेलं काढून घेतलं आणि त्यांना खलापाशी नेऊन उभं केलं. त्या दिवसापासून ते नाकोबा झाले. आजीने ठेवलेलं नाव सगळ्या गल्लीने उचललं.

भाऊजींकडे दुसरं होतं काय? बाप लहानपणीच गेला, शाळा अर्धी सुटली, रूप बेताचंच. चारचौघांत बोलायला उभं केलं तर घाम फुटायचा. पण ताटली घेऊन टेबलाकडे निघाले की मान ताठ, एप्रन कडक इस्त्रीचा, चाल अशी की नवरदेव निघालाय. आमच्या आईचा या लग्नाला विरोध होता. "कच्चं मांस खाणारा जावई? उद्या आपल्यालाच खाईल!" असं ती म्हणाली होती. भाऊजी पहिल्यांदा घरी आले, चपला काढता काढता म्हणाले, "आई, दूध लागतंय." आई धावली. खरंच लागायच्या बेतात होतं. त्यानंतर आईला जावयाचं कौतुक सांगताना धाप लागायची. लग्नानंतर ताई आजीच्या स्वयंपाकघरात आली. कोथिंबिरीसारखी पार्सली चिरून तब्बूलेची कोशिंबीर करायची, काकड्या, लिंबं, पुदिना, सगळं तिच्याकडे. मागोमाग मला गल्ल्यावर बसवलं. आम्ही तिघं एकाच घरात राहायचो आणि एकाच दारातून कामाला जायचो.

आता पुढचं मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला इथेच सांगून टाकते, नाहीतर तुमच्या डोक्यात गोंधळ होईल. एका हिवाळ्यात घरात सगळ्यांना ताप आला. सगळे बरे झाले. भाऊजीही बरे झाले, पण त्यांचा वास गेला तो गेलाच. चवही गेली. खारट आणि आंबट तेवढं जिभेला जरासं लागायचं, बाकी सगळा भुसा.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. काही दिवस अंदाजपंचे काम रेटलं. मग एका सकाळी ताई न्हाणीघरातून बाहेर आली तर घरभर धूर, गॅसवर दूध जळून काळं ठिक्कर, आणि भाऊजी शेगडीकडे पाठ करून निवांत पेपर वाचतायत. "अहो, वास नाही आला तुम्हाला?" ताई ओरडली. भाऊजींनी मागे वळून पाहिलं आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

ताई म्हणाली, "आजीला सांगून टाका. ती काय खाणार आहे तुम्हाला?"

"आजी मला ठेवेल गं. हाकलणार नाही. पण खलापाशी दुसऱ्याला उभं करेल. त्याने तिथे पहिला घास खायचा आणि मी इकडे घमेलं घेऊन बघायचं? मला नाही जमणार ते."

"अहो, पण लोकांच्या पोटात जातं ते!"

"म्हणून तर तुला सांगतोय. तुझं नाक मला दे."

आणि ताईने दिलं. नवऱ्याला असं कोसळलेलं बघितलं की बाई काय काय देते! दोघांचे चिरायचे पाट शेजारी शेजारी होते. सकाळी मांस आलं की ताई काहीतरी निमित्त काढून त्याच्यावर वाकायची, वास घ्यायची. चांगलं असेल तर अर्धं लिंबू, कापलेली बाजू वर करून, भाऊजींच्या पाटाच्या कोपऱ्यात ठेवायची. चांगलं नसेल तर काही ठेवायचं नाही. स्वयंपाकघरात इतर माणसं असायची, म्हणून तोंडाने बोलायचं नाही, डोळ्यांनी खुणा करायच्या नाहीत. फक्त लिंबू.

हे बिनबोभाट चाललं. उलट भाऊजींचा दरारा वाढला. लिंबू दिसलं नाही की ते मांसाकडे लांबूनच बघून मोठ्याने म्हणायचे, "आजचं परत पाठवा." सगळे माना डोलवायचे, काय नाक आहे! मी गल्ल्यावरून बघायची, ही दोघं सदानकदा एकमेकांना चिकटलेली. मी ताईला चिडवायची, "काय गं, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय! आज लिंबू, उद्या गुलाब देशील." ताई खेकसायची, "तू तुझा गल्ला सांभाळ." मला वाटायचं, लाजली.

दर रविवारी किब्बेची पहिली ताटली आजीची असायची. गिऱ्हाइकं यायच्या आधी ती खिडकीजवळच्या टेबलावर बसायची, भाऊजी ताटली न्यायचे, पहिला घास खायचे. आजी विचारायची, "कसं?" भाऊजी म्हणायचे, "लोणी." मग आजी खायची. इतकी वर्षं तेच शब्द, तेच टेबल.

त्या रविवारी ताईने मांसाचा वास घेतला. साफ नासलेलं नव्हतं, पण कुठेतरी आंबूस. रात्री वीज गेली होती, कसायाने बंद फ्रिजमधलं कालचं खपवलं असावं. ताईने लिंबू ठेवलं नाही. तेवढ्यात भाजीवाला आला, आणि त्याच्या पार्सलीच्या जुड्या पिवळ्या पडलेल्या. तब्बूलेला पार्सली तर हवीच. ताईने त्याला चार शब्द सुनावले आणि पिशवी घेऊन स्वतःच बाजारात गेली. निर्धास्त गेली, कारण लिंबू नाही म्हणजे किब्बे नाही. भाऊजी तेव्हा मागे नळावर खल धूत होते. ते आत आले, तर पाटाच्या कोपऱ्यात अर्धं लिंबू होतं, कापलेली बाजू वर. त्यांनी मांस कुटायला घेतलं.

मी गल्ल्यावर बसून सगळं बघितलं. भाऊजी ताटली घेऊन आले, ताठ उभे राहिले, पहिला घास खाल्ला.

"कसं?" आजी म्हणाली.

"लोणी."

आजीने घास घेतला आणि चावता चावता थांबली. भाऊजींकडे बघितलं. मग पुन्हा खायला लागली, आणि नेहमी निम्मी ताटली ठेवणाऱ्या त्या बाईने त्या दिवशी सगळी ताटली पुसून खाल्ली. मला वाटलं, भूक लागली असेल. थोड्या वेळाने ताई बाजारातून आली. रिकामी ताटली बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. उन्हातून आलीस, पाणी पी, मी म्हटलं. ती ऐकायला थांबलीच नाही. आत जाऊन उरलेला सगळा किब्बे तिने कचऱ्याच्या डब्यात उलटा केला. मी म्हटलं, आता हिचं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी आजीला हॉस्पिटलात नेलं. उलट्या, जुलाब, आणि मूत्रपिंडं आधीच नाजूक. डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काय खाल्लं? मी ठसक्यात सांगितलं, बाहेरचं कशाला खाईल, आमच्या स्वयंपाक्याच्या हातचं खाल्लंय, आणि त्याच ताटलीतला पहिला घास त्याने खाल्लाय, तो बघा ठणठणीत आहे. आणि होतेच ते ठणठणीत. भाऊजींच्या पोटात साधी गुडगुडही झाली नाही.

घरात मात्र वेगळंच चाललं होतं. दोघं दार लोटून कुजबुजत भांडायची. "तूच ठेवलंस." "मी नाही ठेवलं." "मग लिंबू काय चालत आलं?" "देवाशप्पथ सांगते, मी नाही ठेवलं." मी बाहेरून ऐकायची आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. तिकडे आजी मरणाच्या दारात, आणि ही दोघं लिंबावरून भांडतायत!

मी आजीला भेटायला गेले तेव्हा ती अंथरुणात कुठे आहे ते शोधावं लागलं, इतकी आटली होती. हाताला सुया, ओठ कोरडे. तिने मला जवळ बोलावलं.

"पोरी, खानावळ बंद कर."

"आजी, काहीतरीच काय! बरी होशील आणि परत—"

"बरी होऊन काय करू? माझी जीभ गेली." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं. "त्या दिवशी किब्बे मला आंबूस लागला. पहिल्याच घासाला. पण नाकोबाने माझ्यासमोर खाल्लं होतं ना? त्याचं नाक कधी चुकलंय? म्हणजे माझीच जीभ म्हातारी झाली. म्हटलं, खात राहू, कुठल्या तरी घासाला चव परत येईल. नाही आली गं. जिची जीभ गेली, त्या बाईने लोकांना जेवू घालू नये."

मी तिचे पाय चेपत बसले.

"त्याला सांगू नकोस हं," ती म्हणाली. "त्याच्या हातचं मला आंबूस लागलं म्हणून. मनाला लावून घेईल." मग जरा वेळाने म्हणाली, "आणि तुझ्या ताईकडे बघ जरा. तीही विसरायला लागलीय. रोज त्याच्या पाटावर लिंबू ठेवते, त्या दिवशी विसरली. मी कॉफीचा कप घ्यायला आत गेले होते, तर कोपरा रिकामा. त्याचा खोळंबा नको, म्हणून मीच ठेवलं."

माझ्या पोटात काही राहत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. घरी येऊन चपला काढायच्या आत मी सगळं सांगून मोकळी झाले, जिभेचंही आणि लिंबाचंही. भाऊजी भिंतीला टेकून खाली बसले. मग ताईने मला तापापासूनचं सगळं सांगितलं. त्यानंतर मी त्या दोघांना जे बोलले ते इथे सांगत नाही. माझा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला होता एवढं खरं.

मी थकून गप्प झाले तेव्हा भाऊजी उठले. धुतलेला शर्ट घातला.

"कुठे निघालात?" ताईने विचारलं.

"आजीला सांगून येतो."

"आता सांगून काय उपयोग? तिचे शेवटचे दिवस आहेत हो. जिने हाताला धरून वर आणलं, तिला जाता जाता हे ऐकवायचं? शांतपणे जाऊ द्या तिला."

"शांतपणे कुठे जातेय?" भाऊजी म्हणाले. "स्वतःला दोष देत जातेय. माझा दोष तिच्या डोक्यावर घेऊन जातेय."

ताईने पुन्हा अडवलं नाही. आम्ही तिघंही गेलो. दुपारची वेळ होती, वॉर्डात कुणाच्या तरी डब्याचा वास भरला होता. भाऊजी आजीच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिले, अगदी ताटली आणल्यावर उभे राहायचे तसे. घाम फुटला होता, पण एका दमात सगळं बोलले. नाक गेलं, चव गेली, ताईने वास घ्यायचा, लिंबू म्हणजे चांगलं, लिंबू नाही म्हणजे खराब. रोजचा तो पहिला घास मी भुश्यासारखा गिळत होतो, आजी. मला काही कळत नव्हतं.

आजी ऐकत होती. मला वाटलं, आता तिची भाषा सुरू होणार. व्हावी अशीच माझी इच्छा होती. दिल्या असत्या तिने चार शिव्या तर त्या माणसाला उभं राहायला जागा मिळाली असती.

"म्हणजे ते मांस खराब होतं?" आजीने विचारलं.

"हो, आजी."

"आंबूस होतं?"

"मला कसं कळणार, आजी? ही म्हणते, होतं."

आजीने ताईकडे बघितलं. ताईने मान हलवली. मग आजीने एक मोठा श्वास सोडला आणि तिचा चेहरा सैल झाला. स्वतःच्या लग्नातल्या फोटोत ती जशी हसली आहे, तशी हसली.

"बघ," ती मला म्हणाली, "माझी जीभ शाबूत होती."

भाऊजींना ती एक शब्द बोलली नाही. रागाने नव्हे, तिला त्या आनंदात त्यांचं भानच उरलं नाही. ते पायथ्याशी हात जोडून उभे होते आणि ती माझा हात धरून सांगत होती, खानावळ बंद करू नकोस, मी परत आले की आधी तुझ्यासाठी तब्बूले करीन, आंबट-खारट अचूक जमवीन बघ. बोलता बोलता तिला झोप लागली. त्या झोपेतून ती उठली नाही.

खानावळ काही चालली नाही. त्या जागेत आता चपलांचं दुकान आहे. भाऊजींवर कुणी बोट दाखवलं नाही. डॉक्टरांनी कागदावर मरणाचं कारण मूत्रपिंडं असं लिहिलं होतं. भाऊजींनी स्वतः हॉस्पिटलात जाऊन सगळं सांगितलं, तर हा माणूस दुःखाने बरळतोय म्हणून त्यांना खुर्चीवर बसवून पाणी दिलं.

तर बस डेपोच्या मागे जाल तेव्हा फलाफल खाच. मागच्या दाराशी एक म्हातारा भांडी घासताना दिसेल, त्याने ते काम मागून घेतलंय. त्याच्याशी बोलायला जाऊ नका. दिवसभर काम करून तो घरी येतो, आम्ही तिघं जेवायला बसतो. ताट समोर असतं, पण भाऊजी हात लावत नाहीत. आधी ताई घास घेते, मग मी घेते. आम्ही दोघी चावून गिळेपर्यंत ते आमच्या तोंडाकडे बघत थांबतात, आणि मग जेवायला लागतात.